वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांची घरची नोंद : कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

काम एवढंच आहे. वाचनालयात कपाटापुढे उभं असताना "हे आपण आधी आणलंय का?" याचं उत्तर मिनिटाभरात मिळालं पाहिजे. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गाचं वाचनालय, घरात सभासदत्व एक आणि वाचणारी माणसं तीन : आई, बाबा आणि मी. एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक मिळतं. बदलायला बहुतेक वेळा बाबा जातात. ऐतिहासिक कादंबऱ्यांची मुखपृष्ठं नव्या आवृत्तीला बदलतात, मग वाचलेलंच पुस्तक नव्या कपड्यात घरी येतं आणि तिसऱ्या प्रकरणात कुणाला तरी आठवतं.

बाबांची स्वतःची एक जुनी पद्धत आहे. वाचून झालं की ३७ व्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं बारीक गोल. असं करणारे ते एकटे नाहीत. इथल्या कुठल्याही जुन्या कादंबरीत आकड्यांखाली टिंबं, फुल्या, आद्याक्षरं सापडतात. वाचनालयाला हे चालत नाही, पण थांबवताही येत नाही. पद्धतीत दोन भोकं आहेत : दुसरी प्रत हाती आली की तिच्यावर गोल नसतो, आणि गोल असला तरी ते आईनं वाचलं की नाही हे कळत नाही.

तारांकन, परीक्षण, आवडलेली वाक्यं असलं काहीही ठेवायचं नाही असं आधीच ठरवलंय. रकाने वाढले की वही दुसऱ्या महिन्यात बंद पडते.

१९ जानेवारी

पहिला प्रयोग फोनवरच्या ॲपचा. बारकोड दाखवायचा, नाव, लेखक, मुखपृष्ठ आपोआप येतं. फुकटात थोडीच पुस्तकं भरता येत होती म्हणून वर्षाचे ४९९ रुपये भरले. ते बुडीत खात्यात.

दोष ॲपचा कमी आणि आपल्या पुस्तकांच्या जातीचा जास्त. वाचनालयातली बरीचशी पुस्तकं बाइंडिंग केलेली असतात. बाइंडर मूळ कव्हर काढून पुठ्ठा आणि कापडी पाठ चढवतो, बारकोड कव्हराबरोबर जातो. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, मुळात छापलेलाच नाही. मधल्या काळातल्या पुस्तकांवर असला तर दहा आकडी. तेरा आकडी पद्धत जानेवारी २००७ पासूनची. नव्या पुस्तकावर ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा क्रमांक नीट मिळाला तरी ॲपच्या साठ्यात ते पुस्तक असेलच असं नाही. असलं तर नाव रोमन लिपीत, स्पेलिंग ज्याला जसं सुचलं तसं. एक नाव मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे तेलुगू आहे का?"

शेवटी प्रत्येक नाव हातानंच भरावं लागत होतं. तेवढंच करायचं तर ॲप कशाला. ज्यांचं वाचन मुख्यतः इंग्रजी, नवं आणि मूळ कव्हरातलं आहे त्यांचं काम मात्र यात होऊन जाईल.

२ फेब्रुवारी

लाँगबुक आणलं, ९० रुपये. रकाने : आणल्याची तारीख, नाव, लेखक, कोणी वाचलं (आ / बा / मी), परत केल्याची तारीख. भरणं बाबांकडे. त्यांचं अक्षर चांगलं आणि पुस्तक घरी आल्याआल्या लिहायची शिस्तही आहे, जी माझ्यात नाही.

चालू राहील असं वाटतंय. पण प्रश्न वाचनालयात पडतो आणि वही घरी असते. शिवाय वही तारखेच्या क्रमानं, आणि शोधायचं असतं लेखकाच्या नावानं. तेव्हा वही भरण्यासाठी, आणि शोधण्यासाठी वेगळं काहीतरी.

९ फेब्रुवारी

देवघेव काउंटरवरच्या ताईंना सहज विचारलं, आम्ही आजवर काय नेलं ते तुमच्याकडून मिळेल का. त्या म्हणाल्या, "मिळेल, पण नावं नाही मिळणार. दाखल अंक मिळतील." दाखल अंक म्हणजे पुस्तक वाचनालयात दाखल होताना त्याला दिलेला क्रमांक.

आमच्याकडे अजून खतावणी आहे. प्रत्येक सभासदाचं एक पान, त्यावर पुस्तकाचा दाखल अंक, दिल्याची तारीख, परत आल्याची खूण. पुस्तकाचं नाव कुठेच नाही. गर्दीत नाव लिहायला वेळ नसतो आणि वाचनालयाला त्याची गरजही नसते, कारण दाखल अंकावरून दाखल नोंदवहीत सगळं सापडतं.

हे ऐकल्यावर आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली पद्धत आठवली. तिथे प्रत्येक पुस्तकाच्या खिशात बुक कार्ड असायचं. पुस्तक दिलं की त्या कार्डावर सभासद क्रमांक आणि तारीख, आणि सभासदाच्या कार्डावर नुसत्या तारखा. म्हणजे एखादं पुस्तक कोणाकोणाकडे गेलं हे सांगता येई, पण एका माणसानं काय काय वाचलं हे सांगायचं तर सगळ्या पुस्तकांचे खिसे तपासावे लागले असते. वाचनालय पुस्तकाचा हिशोब ठेवतं, वाचकाचा वाचकानं ठेवायचा.

ज्यांच्या ग्रंथालयात कोहा ही संगणक प्रणाली आहे त्यांनी हे सगळे उपद्व्याप करण्याआधी आपलं सभासद-खातं उघडून बघावं. ग्रंथालयानं सोय चालू ठेवली असेल तर वाचन-इतिहास तिथे दिसतो, आणि तो कायम ठेवायचा की पुस्तक परत करताच पुसायचा हेही निवडता येतं. 'कधीच ठेवू नका' निवडलेलं असेल तर मागचं मिळत नाही. आमच्याकडे कोहा नाही, त्यामुळे पुढे चालू.

लाँगबुकात दाखल अंकाचा रकाना वाढवला. तो शीर्षकपानाच्या मागे शिक्क्यात लिहिलेला असतो, आणि वाचनालयानं ठरवलेल्या आतल्या एका पानावरही. शीर्षकपान फाटलेलं असेल तर ते आतलं पान बघायचं. कुठलं ते ताईंनी सांगितलं, मी इथे सांगत नाही.

२३ फेब्रुवारी

वहीतलं सगळं गूगल शीटमध्ये चढवलं. रविवारची दुपार गेली आणि त्यातली बरीचशी मेहनत वाया.

पहिला घोळ तारखांचा. मी ५/२ लिहिलं, शीटनं २ मे घेतलं. नवी शीट अमेरिकी पद्धतीवर होती, महिना आधी आणि दिवस नंतर. पुढे १५/२ लिहिलं तर पंधरावा महिना नसल्यामुळे शीटनं ते नुसता मजकूर म्हणून ठेवलं. तक्रार कशाचीच नाही. परतीची तारीख काढायचं सूत्र लावलं तेव्हा काही ओळींत मे महिना दिसला आणि काही ओळींत चूक असल्याचा संदेश, तेव्हा कुठे लक्षात आलं.

सेटिंगमध्ये जाऊन देश भारत केला. आता सगळं सुधारेल ही समजूत खोटी ठरली. आधी चुकीचा वाचलेला २ मे तसाच २ मे राहतो, फक्त दाखवताना क्रम बदलतो. त्या सगळ्या तारखा वहीवरून पुन्हा भरल्या. नव्यानं करणाऱ्यांनी शीट उघडल्यावर पहिलं काम हे करावं, एकही तारीख भरायच्या आधी.

दुसरा घोळ : फोनवरच्या मराठी कीबोर्डनं मराठी अंक उमटतात. वाचायला छान, पण माझ्या शीटनं ते आकडे म्हणून धरले नाहीत. ओळखायची युक्ती सोपी आहे. तारीख किंवा आकडा म्हणून स्वीकारलेली गोष्ट चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे चिकटतो. डावीकडे चिकटलेली तारीख दिसली की ती खोटी. तारीख आणि दाखल अंक या दोन रकान्यांत इंग्रजी अंकच लिहायचे असा घरात कायदा केला. बाबांना तो पटलेला नाही. वहीत ते मराठी अंकच लिहितात आणि मीही त्यांना थांबवत नाही.

८ मार्च

शोधताना पुस्तकं सापडत नाहीत, आणि ती शीटमध्ये आहेत हे डोळ्यांना दिसतंय. आख्खी संध्याकाळ यात.

कारणं तीन निघाली. एक, 'ॲ'. हे अक्षर दोन प्रकारे लिहिलं जातं : एक सबंध अक्षर, किंवा अ काढून त्यावर चंद्र. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. माझ्या लॅपटॉपवर एक उमटतं, बाबांच्या फोनवर दुसरं. दोन, 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' यांतला अर्धा र. तोही एकाहून जास्त मार्गांनी उमटवता येतो, आणि इकडून तिकडून नावं उचलून चिकटवली की त्यात डोळ्यांना न दिसणारी जोडचिन्हंही येतात. तीन, जुनी पुस्तकं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेल्या पुस्तकांच्या नावांत 'नांव', 'कांहीं' असे उच्चारात नसलेले अनुस्वार आहेत. मी नाव पुस्तकावर आहे तसं भरलं, बाबा शोधताना हल्लीसारखं लिहितात.

उपाय म्हणून 'शोध' नावाचा एक रकाना वाढवला. मूळ नाव पुस्तकावर छापलंय तसंच राहतं. शोध-रकान्यात सूत्रानं अ-वरचा चंद्र बदलून एकच 'ॲ' होतो, अदृश्य जोडचिन्हं उडतात. अर्धा र आणि जुने अनुस्वार मात्र हातानं. सगळे अनुस्वार सूत्रानं उडवून पाहिले होते; 'रंग' चा 'रग' झाला, ते रद्द केलं.

लेखकांच्या नावांचं त्रांगडं वेगळंच. आद्याक्षरांमध्ये कधी मोकळी जागा असते, कधी नसते, कधी पूर्ण नाव. लेखिकांची एका पुस्तकावर माहेरचं आडनाव आणि पुढच्यावर सासरचं. आडनाव वेगळ्या रकान्यात काढलं, तसंच जसं वाचनालयाच्या तालिकेत (पुस्तकांच्या यादीत) आडनाव आधी असतं. दोन आडनावांच्या लेखिकांना दोन्ही, तिरप्या रेघेनं.

२२ मार्च

आज रचना मोडून दुसरी केली. कारण बाबांनी एक कादंबरी पुन्हा आणली आणि शीटनं ती नवीन सांगितली होती. मी दाखल अंकावर भिस्त ठेवली होती. दाखल अंक प्रतीचा असतो, पुस्तकाचा नाही. वाचनालयात त्या कादंबरीच्या तीन प्रती आहेत आणि तीन दाखल अंक. बाबांच्या पेन्सिलीच्या गोलात जे भोक होतं तेच माझ्या शीटमध्ये.

आता दोन पानं आहेत. 'पुस्तकं' या पानावर प्रत्येक पुस्तक एकदाच : नाव, आडनाव, उरलेलं नाव, शोध, कोणी वाचलं. 'देवघेव' या पानावर दर वेळची ने-आण : दाखल अंक, तारखा, आणि पुस्तकाचा आमचा घरचा क्रमांक. तीन प्रती आल्या तरी पुस्तक एकच राहतं. अनेक भागांच्या कादंबऱ्यांत प्रत्येक भाग स्वतंत्र पुस्तक धरला, कारण पहिला वाचलाय आणि दुसरा मिळत नाहीये ही अवस्था इथे नेहमीची आहे.

आईच्या मागणीवरून 'सोडलं' अशी एक खूण वाढवली. तिचं म्हणणं, "वाचलेलं परत आलं तर मी वाचेनही. पन्नास पानांत टाकून दिलेलं परत आणू नका." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि आता तीच खूण सर्वात जास्त कामी येते.

१२ एप्रिल

खतावणीवरून आमची मागची नोंद उभी करायचं काम सुरू. ताईंनी दुपारी दोन ते चार ही वेळ दिली, तेव्हा वर्तमानपत्रं वाचणारे चारदोन आजोबा सोडले तर कुणी नसतं. अट एकच : फक्त आपलं पान. खतावणीत समोरासमोरची पानं दोन सभासदांची असतात, त्यामुळे शेजारच्या पानावर कोरा कागद धरून फोटो काढले. शेजारी काय वाचतात हे बघायचा मोह होतो, नाही म्हणत नाही.

२०१९ च्या आधीच्या खतावण्या नाहीत. ऑगस्टातल्या महापुरात खालच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा त्या गेल्या. दाखल नोंदवह्या वरच्या कपाटात होत्या म्हणून वाचल्या. त्यामुळे आमचा इतिहास पुरानंतरचा.

१९ एप्रिल

दाखल नोंदवहीत अंक शोधतेय. मोठं आडवं रजिस्टर, एका ओळीत दाखल अंक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, वर्गांक (विषयाप्रमाणे दिलेला क्रमांक), शेरा. वाचायला बसलं तर वेळ कुठे जातो कळत नाही. सत्तरच्या दशकातल्या ओळींत जाडजूड कादंबरीपुढे दोन आकडी किंमत आहे.

खरी कटकट हस्ताक्षराची. खतावणी दोन माणसांनी लिहिली आहे. आधीचे काका मराठी अंक लिहीत, नंतरच्या ताई इंग्रजी, आणि मधल्या काही महिन्यांत एकाच पानावर दोन्ही. घाईत लिहिलेला मराठी १ हुबेहूब इंग्रजी नऊ दिसतो. मराठी ४ इंग्रजी आठ वाटतो. अशा चुकीच्या वाचनातून आमच्या नावावर 'गांडूळखत' या विषयावरची पुस्तिका निघाली. आई म्हणाली, "आपल्याला अंगण तरी आहे का?" अंक मराठी धरून पुन्हा बघितला तर तिच्याच आवडीचा कथासंग्रह निघाला.

यावरून पडताळणीचा नियम झाला. प्रत्येक संशयास्पद अंक दोन्ही पद्धतींनी वाचायचा, दोन्ही पुस्तकं लिहून घ्यायची आणि रात्री जेवताना आई-बाबांना विचारायचं. वर्गांकाचाही उपयोग होतो. ८९१.४६३ म्हणजे मराठी कादंबरी, ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक. आमच्या घरात नाटकं कुणी वाचत नाही, त्यामुळे ८९१.४६२ आलं की अंक चुकला असं आधी समजायचं.

काही अंकांपुढे शेऱ्यात 'बाद' लिहिलंय. फाटली किंवा वाळवी लागली अशी ही पुस्तकं. नाव नोंदवहीत राहतं, त्यामुळे आमच्या यादीत ती आली. परत आणली जाण्याची भीती नाही, तरी ठेवली.

१ जून

शीट तयार, भरलेली, फोनवर बसवलेली. आणि बाबा ती वापरत नाहीत.

वाचनालयात जाऊन त्यांच्यासोबत उभी राहिले तेव्हा कारण कळलं. एका हातात दोन पुस्तकं, दुसऱ्यात पिशवी, चष्मा जवळचा की लांबचा हा प्रश्न. शीट उघडायची, पान बदलायचं, तीन टिंबांच्या आत दडलेला शोध काढायचा, मराठीत लिहायचं. तोवर मागचा माणूस "काका, जरा सरकता का?" म्हणतो. मग बाबा घरी फोन लावतात आणि आई आठवणीतून उत्तर देते. निम्म्या वेळा ते बरोबरही असतं.

उपाय कागदाचा निघाला. 'पुस्तकं' हे पान आडनावाच्या क्रमानं लावून छापलं. नाव, लेखक आणि खूण, बाकी रकाने लपवले. अक्षर मोठं, कागद आडवा, दोन्ही बाजूंनी. झेरॉक्सच्या दुकानात ४८ रुपये. घडी घालून वाचनालयाच्या कापडी पिशवीच्या आतल्या खिशात. छापल्यानंतर आणलेली पुस्तकं शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं, तीन महिन्यांनी नवी प्रत.

एवढा खटाटोप शेवटी छापील यादीसाठीच होता तर शीट कशाला, असं कुणीही विचारेल. क्रम लावण्यासाठी. वहीतून आडनावांचा क्रम हातानं लावायला बसलो असतो तर दर तीन महिन्यांनी घरात भांडण झालं असतं. उलट्या बाजूनं, मी फक्त शीटच ठेवली असती तर ती मी एकटीनंच वापरली असती, आणि वाचनालयात मी क्वचित जाते.

१३ जुलै

परतीच्या तारखा. मुदत १५ दिवस, नंतर रोजचा दंड. रक्कम किरकोळ, पण नवीन पुस्तकाची वाट बघणारे लोक असतात आणि ताई नुसत्या बघतात, ते जास्त लागतं.

शीटमध्ये मुदत संपली की ओळ लाल होईल अशी सोय केली होती. ओळी इमानदारीत लाल होत राहिल्या, शीट उघडायला कुणी नव्हतं. मग फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावली, ती माझ्या फोनवर वाजायची, मी ऑफिसात. आता पुस्तक आणलं की बाबा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तेराव्या दिवसाच्या चौकटीत 'पु' लिहितात. गॅस सिलिंडर, दूध, मावशींची सुट्टी तिथेच लिहिलेलं असतं, त्यामुळे रोज कुणाची तरी नजर जातेच. दोन दिवस आधीची तारीख यासाठी, की पंधरावा दिवस साप्ताहिक सुट्टीवर आला तरी पंचाईत होत नाही. लाल रंगाचं सूत्र काढून टाकलं.

शीट 'लिंक असलेला कोणीही' अशी उघडी राहिली होती, तीही आज बंद करून तिघांपुरती केली.

९ नोव्हेंबर

दिवाळी अंकांची योजना सुरू झाली. वेगळी वर्गणी भरायची आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत एकेक अंक बदलत राहायचं. घरची नोंद इथे पुन्हा अडली. आमच्याकडे या अंकांना दाखल अंक देत नाहीत, नुसता योजनेचा क्रमांक चिकटवतात आणि तो दर वर्षी पहिल्यापासून सुरू होतो. नाव दर वर्षी तेच. लेखक एक नसतो, म्हणून आडनावाच्या यादीत जागाच नाही.

तिसरं पान उघडलं : अंकाचं नाव, वर्ष, आ / बा / मी. इतकंच. बाबा कथा वाचतात, आई लेख आणि भविष्य, मी व्यंगचित्रं बघून बाकीचं राहून जातं. त्यामुळे 'वाचला' म्हणजे नक्की काय यावर वाद झाला आणि ज्याच्या हातात अंक रात्रभर राहिला त्याची खूण करायची असं ठरलं. मागच्या वर्षीचे अंक जुने म्हणून अर्ध्या वर्गणीत मिळतात, तेव्हा वर्षाचा रकाना लागेल.

खतावणीतले काही अंक अजून लागत नाहीत, दोन्ही प्रकारे वाचूनही. ते 'देवघेव' पानावर नाव रिकामं ठेवून तसेच आहेत. ताई म्हणतात, वाचनालयाची मोजणी मार्चमध्ये होते, तेव्हा कपाटं रिकामी करतात. त्या वेळी येऊन थेट पुस्तकंच बघा.